घाई ताटातून काय उचलून नेते

डोंबिवली, वसई किंवा पनवेलहून सकाळी सातच्या सुमाराला लोकल पकडणाऱ्या माणसाच्या सॅकमधला डबा एकदा नीट उघडून पाहावा. खालच्या कप्प्यात घडी घातलेल्या चार पोळ्या, वरच्या कप्प्यात बटाट्याची सुकी भाजी आणि कडेला लोणच्याची फोड. बटाट्याच्या जागी कधी भेंडी, कधी कांदा-टोमॅटो. डबा घरचा असतो, ताजा असतो, कुणीतरी साडेपाचला उठून केलेला असतो. स्टेशनबाहेरच्या तळणीपेक्षा तो कितीतरी बरा, याबद्दल दुमत नाही.

आता त्याच घरातलं रविवारचं ताट आठवा. वरण-भात आणि त्यावर लिंबू, मटकीची उसळ, मेथीची पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या, शेवटी वाटीभर ताक. माणसं तीच, ओटा तोच, महिन्याचं वाणसामानही तेच. तरीही सोमवार उजाडला की यातले पाच पदार्थ गळतात. पोळी तेवढी उरते आणि तिच्या जोडीला बटाटा येतो.

धावपळीच्या आयुष्यात आहार बिघडतो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वडापाव, पिझ्झा, रात्री अकराला मागवलेली बिर्याणी येते. तेही खरं आहे. पण बाहेरचं अजिबात न खाणाऱ्या, नेमाने डबा नेणाऱ्या माणसाचाही आहार बिघडलेला असतो आणि तो बिघाड कुणाला दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. घाई ताटातलं सगळं सारख्या प्रमाणात कमी करत नाही. ती ठरावीक गोष्टी उचलून नेते. आदल्या दिवशी भिजत घालावं लागणारं कडधान्य, निवडावी लागणारी पालेभाजी, आयत्या वेळी चोचवायची काकडी, डब्यातून सांडणारं वरण आणि ताक. धान्य, तेल, साखर आणि चहा यांना ती हात लावत नाही. पोट तर भरायचंच असतं, मग उसळीची जागा आणखी एक पोळी घेते.

याचा हिशोब मांडता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत कच्च्या वजनाने दिलेलं प्रमाण असं आहे : तृणधान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जोडीला अंडी-मासे-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तेलबिया-सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नये, असं ही संस्था सांगते. प्रत्यक्षात आपल्याकडे हा वाटा ५० ते ७० टक्के असतो.

आपल्या डब्यातल्या चार मध्यम पोळ्यांना साधारण १२० ग्रॅम कणीक लागते. म्हणजे दिवसभराच्या धान्यापैकी जवळजवळ निम्मं दुपारीच संपलं. सकाळचे पोहे किंवा उपमा आणि रात्रीचा भात धरला की २५० ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. डाळीचा रकाना दुपारपुरता रिकामा. भाजीच्या रकान्यात बटाटा लिहावासा वाटेल, पण जागतिक आरोग्य संघटना भाज्या-फळांच्या हिशोबात बटाटा धरतच नाही. त्याची गणना पिष्टमय पदार्थांत होते. पोळीबरोबर बटाटा खाणं म्हणजे एका पिष्टाला दुसरं पिष्ट लावून खाणं. प्रथिनांचं पाहायचं तर १२० ग्रॅम कणकेतून १२-१३ ग्रॅम मिळतात. ६५ किलो वजनाच्या माणसाची रोजची गरज ५४ ग्रॅमच्या आसपास आहे, कारण आपल्याकडची शिफारस वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. शिवाय गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळींत ते भरपूर असतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, डाळ-ढोकळी या जोड्या शतकानुशतकं टिकल्या त्यामागे चव आहेच, पण एकातलं उणं दुसऱ्याने भरून निघतं हेही आहे. घाईत ही जोडी फुटते.

हे उणेपण आपल्या शरीरांना का महागात पडतं, हे समजून घ्यायला पुण्याला जावं लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं. त्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांचा फोटो होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही सडपातळ ठरले असते. मात्र शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी ही आपली ठेवण. ती जन्माच्या आधीच घडायला लागते, हे याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासातून दिसलं. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू इंग्लंडमधल्या बाळांहून खूपच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. याच अभ्यासात गरोदरपणी पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अधिक चांगल्या वजनाची निघाली. घाई पहिल्यांदा जे उचलते, नेमकं तेच.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी असले की त्या साखरेला जागा कमी पडते आणि रक्तातली पातळी जास्त वेळ चढलेली राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर फार विसंबू नये. टेलरची टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर वजन कितीही ‘नॉर्मल’ असो, साखर तपासून घ्यावी.

मग सकाळी साडेसहाला, गॅसवर तवा तापलेला असताना, करायचं काय? आपल्या स्वयंपाकात यावर एक अप्रतिम तोड आहे आणि तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. ती म्हणजे पीठ पेरून केलेली भाजी.

मेथी, कांद्याची पात, सिमला मिरची, कोबी, मुळ्याचा पाला, कुठलीही भाजी घ्या. फोडणीत परतून मीठ घातलं की तिला पाणी सुटतं. हेच पाणी डब्यातून गळून ऑफिसच्या कागदांपर्यंत पोचतं, म्हणून पालेभाजी डब्यात टाळली जाते. या पाण्यावरच बेसन हाताने भुरभुरायचं, वर एक चमचा तेल सोडायचं, झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढायच्या. पीठ ते पाणी पिऊन घेतं, त्यातच शिजतं आणि भाजी मोकळी होते. डब्याला डाग पडत नाही. चार जणांच्या भाजीला वाटीभर, साधारण १०० ग्रॅम बेसन पेरलं तर २०-२२ ग्रॅम प्रथिनं त्या भाजीत गेली, माणशी पाचएक ग्रॅम. बेसन एकदाच कोरडं खमंग भाजून बरणीत भरून ठेवलं तर सकाळची पाच मिनिटं वाचतात आणि कच्चट वासही येत नाही. बेसनाऐवजी भाजणीही चालते. कोबीत भिजवलेली हरभरा डाळ, मेथीत किंवा दोडक्यात मुगाची डाळ, पडवळात दाण्याचं कूट, हाही याच घराण्यातला स्वयंपाक. भाजी आणि डाळ एकाच कढईत, एकाच वेळी आणि न सांडणारी.

दुसरी गोष्ट मोडाच्या कडधान्याची. उसळीला फार वेळ लागतो, असं सगळे म्हणतात. वेळ लागतो हे खरं, पण तो बहुतेक सगळा मटकीचा वेळ आहे, माणसाचा नाही. मटकी सकाळी निघताना भिजत घातली की आठ-दहा तास ती आपली भिजते. रात्री चाळणीत उपसून, ओल्या फडक्यात बांधून टांगली की सकाळपर्यंत मोड येतात. थंडीत थोडे जास्त तास लागतात. माणसाची हालचाल दोन्ही वेळची मिळून दहा मिनिटांचीही नाही. मोड आल्यावर फडकं सोडून मटकी डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली की तीन दिवस उत्तम राहते. मोड येताना दाण्यात क जीवनसत्त्व तयार होतं. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटेट कमी होतं, त्यामुळे ही खनिजं शरीराला अधिक मिळतात. मोड वाफेवर पूर्ण शिजवावेत. उसळ रस न ठेवता कोरडी करून वर लिंबू पिळलं, तर ती डब्यात पोळीइतकीच शहाण्यासारखी वागते. बुधवारी आणि रविवारी एवढं केलं तरी आठवडाभर डब्याला उसळ पुरते.

अंडी खाणाऱ्या घरात दोन उकडलेल्या अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि कुकरमध्ये भाताबरोबर ती उकडतातही. कोकणातला सुका जवळा किंवा सुकटही डब्याला सोयीची आहे. फक्त ती खारवलेली असेल तर धुऊन घ्यावी आणि भाजीत मीठ बेतानेच घालावं. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे सपाट एक चमचा, आणि लोणचं-पापड त्यातच धरायचे.

कोशिंबीर डब्यात नेण्याचा हट्ट सोडावा. तिला पाणी सुटणारच. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो अख्खा, धुऊन-पुसून न्यावा. पेरू न्यावा. पेरूसारखं फळ धावपळीच्या माणसासाठीच निर्माण झालं असावं, इतकं ते सोयीचं आहे. सोलावं लागत नाही, गळत नाही, स्वस्त आहे आणि वजनाला वजन पाहिलं तर संत्र्याच्या चौपटीच्या आसपास क जीवनसत्त्व देतं.

एक सावधगिरी मात्र हवी. पहाटे शिजवलेला भात दुपारी दीडला खायचा असेल तर मधले सात-आठ तास उन्हाळ्यात धोक्याचे असतात. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही भातात जिवंत राहतात, आणि त्याचं एक विष पुन्हा गरम केल्यावरही नष्ट होत नाही. म्हणून डबा आतून ओला नसावा, भात-भाजीची वाफ पूर्ण जाऊ देऊन मगच झाकण लावावं आणि मे महिन्यात खोबरं घातलेली भाजी डब्याला टाळावी. ऑफिसात फ्रीज असेल तर पोचल्याबरोबर डबा त्यात ठेवावा. पोळी-भाजीचा डबा इतका रूढ झाला, त्यामागे कोरड्या पदार्थांचं हे टिकाऊपणही आहे.

घाई ताटाबाहेरूनही काही उचलते. चालणं आणि झोप. आणि त्या बदल्यात चहा देऊन जाते.

चहाचं आधी. ऑफिसात दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर झाली. वरून मिसळलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी, जमल्यास पाच टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. ही मर्यादा अडीच चहातच संपते. चहा सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. साखर पाऊण करा, महिन्याने अर्धी करा, जीभ सरावते. पाचच्या चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे ड्रॉवरमध्ये ठेवले तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि घरी पोचेपर्यंत वडापावच्या गाडीसमोर पाय अडत नाहीत. वडापाव वाईट माणसांनी वाईट हेतूने काढलेला पदार्थ नाही. उभ्या उभ्या, एका हाताने, थोड्या पैशांत पोट भरण्याची गरज त्याने भागवली. पण मैद्याच्या पावात तळलेला बटाटा रोज संध्याकाळी खाण्याजोगा नाही, आणि पाच वाजता काहीच न खाल्लेल्या माणसाला सात वाजता तो नाकारणं फार अवघड जातं. निग्रहाची परीक्षा भुकेच्या वेळी घेऊ नये. भूक नसताना, आदल्या रात्री, ड्रॉवर भरून ठेवावा.

चालण्याबद्दल लंडनच्या बसगाड्यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ मध्ये लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असायचा. कंडक्टर तिकिटं फाडत त्याच बसचा जिना दिवसाला शेकडो पायऱ्या चढायचा-उतरायचा. दोघांचा सामाजिक स्तर, वेळापत्रक, शहर एकच. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी उशिरा आणि तुलनेने सौम्य. चालक मुळातच जाड असतील, ही शंका मॉरिस यांना होतीच. म्हणून त्यांनी पुढे गणवेशांच्या मापांचे कागद मागवले. चालकांच्या विजारी कमरेला खरंच मोठ्या होत्या, पण बारीक चालकांनाही बारीक कंडक्टरांपेक्षा धोका जास्तच निघाला. यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात दिलासा देणारा भाग असा की कंडक्टर व्यायाम करत नव्हते. ते काम करत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या शिफारशींतली जुनी अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल मोजत नसत, आता प्रत्येक मिनिट मोजतात. आठवड्याला किमान १५० मिनिटं जलद चालावं लागतं. दादरचा पूल, स्टेशन ते ऑफिस, तिसऱ्या मजल्याचा जिना, सगळं त्यात जमा होतं. त्यातल्या त्यात जेवणानंतर दहा मिनिटं चालण्याचा फायदा निराळाच आहे. न्यूझीलंडमध्ये मधुमेहींवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणाऱ्यांची जेवणोत्तर साखर, दिवसात कधीही सलग अर्धा तास चालणाऱ्यांपेक्षा सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. एकूण चालणं दोघांचं सारखंच होतं. शतपावलीला आपण केवळ रीत समजत आलो.

रात्रीचं जेवण हीच तर शहरातल्या धावपळीची खरी अडचण आहे. साडेनऊला घरी, दहाला जेवण, अकराला अंथरूण. आपल्या पेशींत एक घड्याळ असतं. त्याची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळामुळे तेच जेवण सकाळी खाल्लं तर साखर कमी चढते आणि रात्री उशिरा खाल्लं तर जास्त. झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन वाढतं आणि इन्सुलिनचं स्रवणं मंदावतं. दिवसाचं सगळ्यात जड जेवण आपण नेमकं तेव्हा करतो. उपाय साधा आहे, फक्त थोडी सवय मोडावी लागते. प्रवासात किंवा निघण्याआधी सात वाजता दुसरा छोटा डबा खावा : उरलेल्या दोन पोळ्या आणि भाजी, किंवा थालीपीठ. घरी आल्यावर वरण, भाजी, ताक एवढंच. रात्रपाळी करणाऱ्यांनी मुख्य जेवण कामावर जाण्याआधी उरकावं आणि मध्यरात्री ते पहाट या काळात शक्यतो हलकंच खावं.

झोप कमी पडली तर वरचा सगळा खटाटोप निम्मा वाया जातो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्या थोड्या दिवसांत साखर हाताळण्याची त्यांची क्षमता ठळकपणे खालावली. साडेपाचला उठायचं तर साडेदहाला दिवा मालवायला हवा, आणि तेही साडेदहापर्यंत ओटा आवरला गेला तरच शक्य आहे.

हा ओटा कोण आवरतं, हा प्रश्न आहारावरच्या पुस्तकांत क्वचित येतो. माझ्या मते तो पहिल्या पानावर यायला हवा. कामात बुडालेल्या माणसाचं जेवण नेहमीच दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून शिजत आलं आहे. कोकणातून, देशावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले एकटे कामगार गिरणगावातल्या खाणावळींवर जगले. त्या खाणावळी बायका आपल्या खोलीत चालवायच्या, वाण्याची आणि सावकाराची उधारी डोक्यावर घेऊन. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा या श्रमाची किंमत पहिल्यांदा कुणीतरी कागदावर मांडली. आजही संध्याकाळच्या परतीच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात गवार मोडली जाते, मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. नोकरीचे नऊ तास संपवून, उद्याच्या डब्यासाठी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. ते करणाऱ्या पुरुषांची संख्याही फार कमी.

हा डबा करणाऱ्या बाईचा स्वतःचा नाश्ता बहुतेक वेळा चहा आणि शिळी पोळी असतो. शिळ्या पोळीत काही वाईट नाही. पण चहातली पॉलिफेनॉल्स पोळीतलं लोह आतड्यात बांधून टाकतात आणि ते शरीराला मिळत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात आहेत. ही तफावत पाळीमुळे आहे, बाळंतपणांमुळे आहे, आणि शेवटी कोण जेवतं यामुळेही आहे. चहा नाश्त्याच्या तासभर आधी किंवा नंतर घेतला आणि पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळलं, तर तेवढ्याच अन्नातून जास्त लोह मिळतं. दम लागत असेल, जिना चढताना छाती धडधडत असेल, तर हिमोग्लोबिन तपासावं. ‘बायकांना थकवा यायचाच’ असं म्हणून ते सोडून देऊ नये.

ठाण्यातल्या एका ओळखीच्या घरात फ्रीजच्या दारावर कामाची वाटणी लावलेली आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगा सहावीत. कडधान्य भिजवणं, उपसणं, बांधणं नवऱ्याकडे. बाजारातून भाजी आणून त्याच रात्री निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून ठेवणंही त्याच्याकडे. मुलाकडे मटार, लसूण, फळं धुणं आणि ड्रॉवरसाठी फुटाणे-दाण्याच्या पुड्या बांधणं. सकाळी फोडण्या ती टाकते, कणीक तो मळतो. तिसऱ्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘आईचा डबा आधी भरायचा’, आणि ते अक्षर मुलाचं आहे. ज्यांच्या घरी असं कुणी नाही, जे एकटे राहतात, त्यांनी गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रावर रोज दोन पोळ्या कमी आणि एक उसळ जास्त मागावी. मागणी असेल तर तिथल्या बायका मटकी भिजत घालतातच. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं.